बोलपटातलं मरण, घरातलं सुतक

त्या गोष्टीवर पहिल्यांदा मूकपट निघाला तेव्हा मी ग्वाल्हेरला मामाच्या घरी परकर नेसून वावरत होते, मला त्याचा पत्ताही नव्हता. दुसऱ्यांदा तीच गोष्ट बोलपटात आली तेव्हा मी काशीला ब्रह्माघाटावर सून होते, आणि त्या बोलपटाने मला जवळजवळ विधवा करून सोडलं. लोक विचारतात, भुताखेतांच्या गोष्टी वाचताना भीती नाही का वाटत? भुतांची मला कधीच वाटली नाही. सुतकाची वाटते.

मूळ कादंबरी इंग्रजी आणि फार जुनी. आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी वाचनालयात तिचं रूपांतर होतं, पुठ्ठा गेलेलं, पहिली पानं फाटलेली, त्यामुळे ती कोणी लिहिली हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. एक जमीनदार मरतो आणि त्याला पेटीत घालून पुरतात. तो मेलेलाच नसतो. शुद्धीवर आल्यावर माती उकरून तो घरी येतो, एका पायात जोडा आणि दुसरा पाय अनवाणी, कारण दुसरा जोडा पेटीतच राहिलेला. घरचे त्याला पाहून किंचाळतात. तो बोलतो, भूक लागली म्हणतो, जुन्या आठवणी सांगतो, तरी तो जिवंत आहे हे कुणी मानत नाही. त्या पुस्तकात भूत नाहीच. भीती वाटते ती घरच्या माणसांची.

दुपारी सगळे लवंडले की गच्चीच्या जिन्यात बसून हे मला ती कादंबरी वाचून दाखवायचे. मूकपट यांनी चोरून पाहिला होता. "त्यात बायको किंचाळते, पण आवाजच नाही. छे! याचा बोलपट निघाला पाहिजे आणि ते मढं मी झालो पाहिजे," असं म्हणायचे. नवऱ्याने मनात धरायची इच्छा म्हणून मला ती जरा विचित्रच वाटायची. पण वाचताना यांचा आवाज असा काही लागायचा की मी निवडायचे तांदूळ तसेच मांडीवर घेऊन बसायची.

घराणं वैदिकांचं. माझे सासरे पाठशाळेत वेद शिकवायचे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे तीर्थविधीही चालवायचे. आम्ही सुना त्यांना मामंजी म्हणायचो. मुलाने संहिता म्हणावी की तोंडाला रंग फासावा, यावरून बापलेकांचं रोज वाजायचं. शेवटी एक दिवस हे कलकत्त्याच्या एका बोलपट कंपनीत निघून गेले. मामंजी त्याच दुपारी गंगेवर गेले आणि मुलाच्या नावाने अंघोळ करून आले. रागाच्या भरात लोक असं नुसतं बोलतात. मामंजी बोललेलं करायचे.

तेव्हापासून त्या घरात माझं काय करायचं ते कुणाला कळेना. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, नवऱ्याचा विषय मात्र काढायचा नाही. मी भांडी घासायची ती आदळून. पाणी भरायची तर जिना धावत चढायची. सासूबाई म्हणायच्या, "बहू, जरा धीरे. घर आहे, अखाडा नाही." मला एका जागी बसवतच नव्हतं. कधीमधी कलकत्त्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी तोंडी यांचा निरोप यायचा, बरा आहे, लवकर न्यायला येईन, एवढाच. पुढे तोही बंद झाला.

आणि मग वाईकडची एक मंडळी आमच्याकडे उतरली. त्यातल्या काकू जुन्या ओळखीच्या. मागच्या यात्रेत यांनीच त्यांना गल्ल्यांतून हात धरून देवदर्शन करवलं होतं. ही मंडळी विंध्याचलला देवीच्या दर्शनाला म्हणून गेली आणि परत आली ती रडतच.

"गुरुजी, या डोळ्यांनी पाहिलं हो," काकू अंगणातच बसकण मारून म्हणाल्या. "आम्ही नावेत होतो. काठावर ही गर्दी, बायकांचा आकांत. केळीच्या खांबांचा तराफा, त्यावर मढं. साप चावला म्हणे. तोंड निळंकाळं झालेलं. आमची नाव जवळनं गेली नि बघते तर तुमचा मुलगा! बघता बघता तराफा पाण्यात लोटला हो त्यांनी."

साप चावून गेलेल्याला आमच्याकडे जाळत नाहीत. केळीच्या तराफ्यावर घालून गंगेत सोडतात. वाहता वाहता विष उतरेल आणि माणूस कुठेतरी पुढे उठून बसेल, अशी एक वेडी आशा त्यामागे असते. त्यामुळे काकूंच्या सांगण्यात खोटं वाटावं असं काहीच नव्हतं. मामंजी भिंतीला टेकले. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

काकू हुंदके देत बोलतच होत्या. "आणि तिकडची रीत तरी कसली मेली! दोन माणसं चकचकीत पत्रे धरून उभी, उन्हाची तिरीप नेमकी त्याच्या तोंडावर पाडत होती. आणि त्याच्या एका पायात जोडा! एकाच पायात! मढ्याला कधी कोणी जोडा घालतं का?"

मी हसले. चांगली खदखदून हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटत नाही, इतका जीव भांड्यात पडला होता. पुढचं सगळं मी उभ्या उभ्या जुळवलं. हिंदी बोलपटात जमीनदाराला पुरणार कसा? हिंदूला जाळायचं, आणि जळलेला माणूस घरी परत यायचा कसा? म्हणून कंपनीवाल्यांनी साप शोधून काढला आणि पेटीच्या जागी तराफा. जोडा मात्र त्यांना सोडवला नाही.

"मेले नाहीत ते," मी म्हटलं. "बोलपटात मेलेत. पुस्तकातली गोष्ट आहे ती, मला पाठ आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामंजी सासूबाईंना हळूच म्हणाले, "दिमागावर परिणाम झालाय. तिला पाणी द्या."

मामंजींनी जन्मात बोलपट पाहिला नव्हता. नाटकातलं मढं नाटकगृहात मरतं, ते गंगेत कशाला जाईल, हा त्यांचा सवाल. मी म्हटलं, विंध्याचलला माणूस पाठवा, खरं-खोटं कळेल. ते म्हणाले, "देह तर वाहून गेला. माणूस जाऊन काय आणणार?" मी हट्ट धरला, ओरडले, सुनेने सासऱ्यापुढे बोलू नये ते सगळं बोलले. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांना माणूस पाठवायचाच नाही. तोंडाला रंग लावून हिंडणारा मुलगा त्यांना आपला म्हणता येत नव्हता. विंध्यवासिनीच्या पायाशी, गंगेत गेलेला मुलगा म्हणता येत होता. त्याच्यासाठी ते ढसाढसा रडले. जिवंतपणी त्यांनी याच्यातलं अर्धं जरी दाखवलं असतं तर मुलगा कलकत्त्याला गेलाच नसता, असं मला वाटलं आणि त्यांचा आणखीच राग आला.

देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मामंजींनी स्वतः बसून पुतळा बांधला, एकेक देठ हाताने कुरवाळत. मणिकर्णिकेवर नेऊन तो जाळला. घरात सुतक बसलं. दहाव्याला माझं डोकं भादरायला न्हावी येणार हे ठरलं. पुण्याकडे ही चाल उठत चालली होती म्हणे. आमच्या गल्लीपर्यंत ते वारं पोचलं नव्हतं. मी कुंकू पुसलं नाही. मंगळसूत्र मुठीत धरून अंगणात येरझारा घालत राहिले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, न्हाव्याने उंबरा ओलांडला तर वस्तरा कुणाच्या मानेवर फिरेल त्याचा भरवसा नाही.

एका दुपारी सासूबाई जवळ येऊन बसल्या. इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बहू, त्या किताबात तो परत येतो का गं? सचमुच?"

"येतो."

"घरचे घेतात त्याला?"

सासूबाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, बोटाने माझं विस्कटलेलं कुंकू नीट केलं आणि उठून गेल्या.

दहावा यायच्या आधीच एका सकाळी हे आले. अंगात रेशमी कुडता, तोंडात पान, हातात कचौरी-जिलबीचा पुडा. काशीच्या घाटांवर कॅमेरा लावायला कलेक्टरसाहेबाची परवानगी मिळत नव्हती म्हणून कंपनी आधी विंध्याचलला गेली होती. आता ती मिळाली आणि दशाश्वमेधाजवळ सगळ्यांचा मुक्काम पडला. घरी काय चाललंय याची यांना कल्पनाच नव्हती. बाप शिव्या देईल, फार तर हाकलून देईल, या तयारीने आले होते.

मामंजी अंगणात बसले होते, सुतकातलं भादरलेलं डोकं घेऊन. यांना पाहून ते उभे राहिले. चेहरा असा फुलला की मला वाटलं आता धावत जाऊन मिठी मारतील. एक पाऊल पुढे आलेही. मग थांबले.

"तिथेच थांब."

"बाबा, मी..."

"ओळखलं मी तुला. पण तुझी क्रिया झालीय. या हातांनी अग्नी दिलाय तुला." आणि मग त्यांनी एक शब्द न चुकवता शास्त्र सांगितलं. ज्याची क्रिया झाली तो मेला. तो परत आला तर त्याने पुन्हा जन्माला यायचं. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. तोवर तो कुणाचा मुलगा नाही आणि कुणाचा नवरा नाही.

यांना आधी हसूच आलं. "अरे भई, हे तर पुस्तकातलंच झालं!" मग बापाचा चेहरा पाहून ते मावळलं. पुडा उंबऱ्यावर ठेवून हे तरातरा निघाले. सासूबाईंचा हंबरडा मागे ऐकू येत होता. मी पायात काही न घालता गल्लीतून धावत सुटले आणि घाटाच्या पायऱ्यांवर यांना गाठलं.

"चल कलकत्त्याला," हे म्हणाले. "आत्ता. या पागलखान्यात पाय ठेवू नकोस."

"कोण म्हणून येऊ?"

"म्हणजे? माझी बायको म्हणून."

"तुम्हाला मरायचा पगार मिळतो. मला फुकटात विधवा व्हावं लागतंय," मी म्हटलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं. "आज तुमच्यामागे आले तर उद्या अख्खा मोहल्ला म्हणेल, गुरुजींची विधवा सून नटाबरोबर पळाली. मी पळणार नाही. चारचौघांसमोर तुमची बायको होईन आणि उजळ माथ्याने गाडीत बसेन. तुम्हाला जन्मायचं असलं तर जन्मा!"

हे पायरीवर बसले. मला बसवत नव्हतं, मी उभीच होते. समोर मल्लाह नावा लावत होते, एकमेकांना हाका मारत होते. यांनी डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "मुंज म्हणजे डोकं भादरणार?"

"हो."

"बोलपटातलं माझं परत येण्याचं काम अजून व्हायचंय. केस गेले तर डायरेक्टर मला खाऊन टाकील."

"मग माझं भादरू दे?"

हे उठले आणि घराकडे चालू लागले.

जातकर्म मी सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिलं. अंगाला तूप चोळून, अंघोळ घालून, एवढ्या थोराड माणसाला पाटावर बसवलं होतं. कानामागे बोलपटातल्या निळ्या रंगाचा डाग राहिला होता, तो साबणाने गेला नव्हता. बापाने तान्ह्या मुलाला सोन्याने मध-तूप चाटवायचं आणि कानाशी लागून त्याच्या आयुष्याचा मंत्र म्हणायचा, असा तो विधी. मामंजींनी अंगठीने मध चाटवला. कानाशी वाकले. आणि ज्या माणसाचा स्वर मी कधी हललेला ऐकला नव्हता, त्यांना पुढचं म्हणवेना. तीनदा सुरुवात केली. हे डोळे मिटून बसले होते, हनुवटीवरून मध ओघळत होता, तो पुसायचं यांनाही सुचलं नाही.

मुंजीत डोकं भादरलं. माझं वाचलं, यांचं गेलं. दुसऱ्या दिवशी डायरेक्टर "बाल कहाँ गए?" म्हणून घाटावर नाचायचा बाकी राहिला. टोप चढवून पाहिला तर टोप घातलेलं मढं बघून कॅमेरावालाच हसायला लागला. शेवटी शेंडी भस्माने डोक्याला चिकटवून तसंच चित्रण उरकलं. पुढे बोलपट लागला तेव्हा लोक सर्वांत जास्त घाबरले ते त्या प्रसंगाला: केसाळ माणूस तराफ्यावरून वाहून जातो आणि तुळतुळीत डोक्याने दारात उभा राहतो. काय अक्कल चालवलीय डायरेक्टरने, असं जो तो म्हणत होता.

आमच्या लग्नात मात्र एक पेच पडला. मला आईबाप नव्हते, ग्वाल्हेरचा मामाही तोवर वारला होता. मग कन्यादान करणार कोण? शेजारच्या शास्त्रीबुवांनी दोन-चार नावं सुचवली. मामंजी म्हणाले, "मी करतो."

"वराचा बाप कन्यादान कसा करील?" शास्त्रीबुवा चकितच झाले.

"वराकडून तुम्ही बसा. मी हिच्या बाजूने."

त्यावर बरीच चर्चा झाली, पण मामंजींपुढे कुणाचं चाललं नाही. माझा हात यांच्या हातात देताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी विरघळले नाही. न्हाव्याला सांगावा धाडणारी माणसं होती ती. अक्षता पडल्या-पडल्या मी सांगितलं, "मामंजी, मी यांच्याबरोबर जाणार. या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही." ते "बरं" म्हणाले.

वर्षभराने बोलपट काशीला लागला तेव्हा कंपनीने यांना पाठवलं आणि मीही आले. आम्ही गोदौलियाला एक खोली घेतली. पहिल्याच खेळाला मी जाऊन बसले, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, सारखी खुर्चीत चुळबुळ करत होते. शेवट त्यांनी बदलला होता. मढं परत आल्यावर बायको त्याच्या पाया पडते, एक लांबलचक गाणं म्हणते आणि सगळं गोड होतं. ती नटी रडली छान, पण एका शब्दाने भांडली नाही. मला ते मुळीच पटलं नाही, आणि मी तसं घरी येऊन यांना दोन तास सुनावलं.

त्यानंतर एका संध्याकाळी मामंजी खोलीवर आले. एकटेच, काठी टेकत. यांनी लगबगीने सतरंजी अंथरली. मी पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी हात जोडले आणि मान हलवली.

"नको."

यांचा चेहरा पडला. माझं टाळकंच सरकलं. "नटाच्या घरचं पाणी बाटलेलं असतं का?" मी म्हटलं. "तसं असेल तर आलात कशाला एवढं चालून?"

मामंजी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. आपलं काय चुकलं ते त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"बेटा, लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत," ते म्हणाले. "तुझ्या मांडीवर मूल येऊ दे. मग पिईन. जेवीनही."

मी भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. हे हळूच म्हणाले, "बाबा, मग मी कोण?"

"जावई." मामंजींनी काठी नीट भिंतीला टेकवून ठेवली. "मुलगा काय करतो यावर बापाने भांडावं. जावयाच्या धंद्यात बोलू नये." मग थोडं थांबून, यांच्याकडे न बघता ते म्हणाले, "दुपारच्या खेळाला जाऊन आलो. चांगलं काम केलंत तुम्ही."